सहा बोटं, चार बोटं

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. ठरलेली रक्कम साडेतीनशे रुपये. हजर तिघं: मी, माझी बायको आणि नाचणगावला घरीच उशा भरून देणाऱ्या मावशी.

मावशींनी बायकोला सतरंजीवर कुशीवर झोपवलं. तिचा कान आणि जमीन यांच्यामधल्या जागेत एका हाताची चार बोटं आडवी धरली, त्यावर दुसऱ्या हाताची दोन ठेवली.

"सहा बोटं."

मी घरून सेंटिमीटरमध्ये माप लिहून नेलं होतं. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "कागदाले मान असते का, भाऊ?"

मानेच्या दुखण्यानं बायको आठ महिने धड झोपली नव्हती. पहाटे जाग आली की ती भिंतीला टेकून बसलेली दिसायची. बाजारातल्या तीन उशा झाल्या होत्या, दोन हजार सातशे चाळीस रुपयांच्या. "आता उशीच नको मला," असं ती म्हणू लागली होती.

मावशींचा नेम ठरलेला. पैसे आधी घ्यायच्या नाहीत. "सात रात्री झोपा. झोप लागली तं पैसे, नाई तं उशी वापस."

तिसऱ्या दिवशीच मान पुन्हा आखडली. कळवल्यावर मावशी स्वतः ऑटोनं पुलगावला आमच्या घरी आल्या. उशीकडे पाहिलंसुद्धा नाही. पलंगावरच्या गादीत कोपर रुतवलं.

"हे गादी काऊन नाई सांगतली, भाऊ? इथं खांदा बुडून राह्यला, उशी वरच राह्यली. मानीनं काय करावं?"

सगळी मापं घेणाऱ्या मला गादीची जाडी सुचली नव्हती. माझा चेहरा पाहून त्याच म्हणाल्या, "माह्यीबी चूक हाय. मी जिनगीभर सतरंजीवरच झोपली. गादीचं मले काय माहीत?"

शिवण उसवून त्यांनी दोन बोटांचा कापूस काढला, पुन्हा टाके घातले.

"मावशी, तुम्हीच टेकून पाहा न," बायको म्हणाली.

चपला नीट जोडून ठेवून त्या दोन मिनिटांसाठी आडव्या झाल्या. त्या चाळीस मिनिटं झोपल्या. मी घड्याळ पाहत होतो. बायकोनं पंखा कमी केला आणि त्यांच्या पायांवर चादर टाकली. त्यांच्या तळहाताला कापसाचे तंतू चिकटलेले होते. तुम्ही तिथं असता, तर तुम्हीही त्यांना उठवलं नसतं.

जाग आल्यावर त्या खूप लाजल्या. "उठवलं काऊन नाई, माय? गिऱ्हाइकाच्या उशीवर झोपली मी!"

"म्हणजे उशी जमली," बायको म्हणाली.

"माह्यी झोप धरू नका. सात रात्री तुमच्या. आजपासून मोजा."

आठव्या दिवशी मी पैसे घेऊन नाचणगावला गेलो. मावशी नव्हत्या. आदल्या दिवशी, बसल्या जागीच गेल्या होत्या. दारात त्यांची सून उभी होती. मी पैसे पुढे केले, तर तिनं हात मागे घेतले.

"आधी सांगा, वहिनी सात रात्री झोपल्या का?"

खोटं सांगवेना. "सहा."

"अन् सातवी?"

"काल संध्याकाळी मावशींची बातमी आली. मग ती झोपलीच नाही."

मग सुनेनं दोन्ही हात पुढे केले. साडेतीनशे रुपये, मावशींच्या सुनेला, रोख.