खर्र्याची पुडी

घाटंजीच्या फाट्यावर मी बसची वाट पाहायचो, तेव्हा कापूस वेचणाऱ्या बायांच्या ऑटोसाठी एक उंचापुरा माणूसही थांबलेला असायचा. कमरेला बायांसारखीच, वेचलेला कापूस टाकायची ओटी. आमच्याकडे गडी फवारतात, डवरे हाकतात. वेचणी मात्र बायांची. बायकोनं अंथरूण धरलं, म्हणून हा तिच्या जागी जाऊ लागला होता.

टपरीच्या बाकड्यावर तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी हातोहात फिरायची. त्याच्यापाशी आली की त्याला ओलांडून पलीकडे जायची. हा हात पुढं करायचा नाही आणि बाकड्यावरून उठायचाही नाही. मला मात्र त्या बाकड्याचा संताप यायचा.

एकदा एकानं विचारलंच, "काहून बे, उद्या लुगडं नेसतं काय?"

तो शांतपणे म्हणाला, "कापसाले थोडंच समजते, हात कोनाचा हाय तं?"

बाकडं खदखदून हसलं. तेवढ्यात ऑटो आला. सुरुवातीला बायाही त्याला मागं एकट्याला बसवायच्या. त्या दिवशी एका म्हातारीनं सरकून जागा केली, कनवटीची पुडी सोडून त्याच्यासमोर धरली आणि बाकड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "घे बावा. तू आमच्यातला हायेस."

बोंडांनी ओरबाडलेला तो हात पुढं झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.