वीस कॅन पाणी

आंबिवलीच्या मंजुळाबाईंना घाण म्हणून नजरेला पडायला नको. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या ज्या लॅबमध्ये त्या अकरा वर्षं कंत्राटावर काचसामान धुतात, तिथे पाहुण्याने चहाचा कप खाली ठेवला रे ठेवला की तो धुतलेला असतो. याच स्वच्छतेची बाईंना मिजास होती, आणि तिनेच त्यांचा घात केला.

त्याचं असं झालं. राजस्थानातल्या कोरड्या मुलखातून लॅबकडे चाचणीसाठी दगड आला. युरेनियमचा, पण अगदी हलका, टनभर दगडात जेमतेम मूठभर माल. दगड दळायचा, आम्लात मुरवायचा आणि तो अर्क रेझिनच्या मण्यांवरून सोडायचा, म्हणजे मणी युरेनियम धरून ठेवतात. लॅबच्या केमिस्ट ऋजुता मॅडमनी महिनाभर हेच केलं आणि निकाल असा झकास आला की मालक प्रशांत सर खूश होऊन म्हणाले, "मंजुळाबाई, एक तारखेला तुमचं पर्मनंटचं पत्र. टाइप करून खणात ठेवलंय."

बाईंनी पेढे वाटले. पेढा खाता खाता मॅडम म्हणाल्या, "कमाल आहे पण. तिकडच्या पाण्यात एवढं मीठ, तरी रेझिनने दगा दिला नाही."

"कुठलं पाणी?"

"अहो, दगडाबरोबर वीस निळे कॅन नव्हते का आले? प्लांट तिथल्याच बोअरच्या पाण्यावर चालणार ना. मीठ असलं की तेच मण्यांवर आधी जागा अडवतं, खोपटच्या डेपोत एसटीत रुमाल टाकतात तसं. मग युरेनियम उभंच."

पेढा बाईंच्या तोंडातच राहिला. ते कॅन त्यांनीच उघडले होते. आत पिवळट, मचूळ पाणी. एवढ्या लांबून येताना सडलं बिचारं, असं म्हणत त्यांनी ते मोरीत ओतलं, कॅन तीनदा विसळले आणि नळाचं स्वच्छ पाणी भरून ठेवलं. कुणाला सांगायचं सुचलंही नाही. चांगल्या कामाची वर्दी कोण देतं?

गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार नव्हतं. दोन दिवस बसल्याही. पण तिसऱ्या दिवशी त्या सरळ केबिनमध्ये गेल्या.

"सर, ते पाणी मी ओतून दिलेलं. आपल्या नळाचं भरलेलं. तुमचा निकाल खोटा आहे."

सरांचा पारा चढला. तिकडे कळवायची नामुष्की, वर सगळी चाचणी पुन्हा. पत्र खणातच राहिलं. "आणि यापुढे कॅनला हात लावलात तर ते फाडून टाकीन," असंही ते म्हणाले.

पंधरवड्याने तिकडून नवं पाणी घेऊन टेम्पो आला. मॅडमनी जातीने उभं राहून ते टाकीत ओतून घेतलं. बाई लांब भिंतीला टेकून उभ्या. ड्रायव्हरने प्यायला पाणी मागितलं, तेवढा तांब्या त्यांनी भरून दिला. त्याने एक घोट घेतला, तांब्यात डोकावून पाहिलं, आणि मग गटागटा सगळं संपवलं.

"इतना मीठा? नल में आता है?"

"रोज. तुम्हारे उधर कैसा आता है?"

त्याने रिकाम्या कॅनकडे बोट दाखवलं. "यही. बच्चे भी यही पीते हैं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस कॅन पाणी त्यांनी मोरीत ओतलं होतं, सडकं म्हणून. ड्रायव्हरने चाचरत विचारलं, हे रिकामे कॅन इथून भरून नेले तर चालेल का? बाईंनी एकदा केबिनच्या दाराकडे पाहिलं, पदर खोचला आणि पहिला कॅन विसळायला घेतला.

चौदावा भरत असताना सर मागे येऊन उभे राहिले. "मंजुळाबाई, परत?"

"हो सर. या वेळी सांगून. पत्र फाडायचं तर फाडा, पण एवढे भरून होऊ द्या. त्याच्या पोरांना न्यायचंय."

सरांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. मग बाह्या सरसावून त्यांनी बाईंच्या हातातली नळी घेतली.

"नळी मी धरतो. तुम्ही आत जाऊन सही करून या. पेन खणातच आहे."