जरा सरकून बसा

नंदाचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत उभी राहून समोरचा भलामोठा फलक वाचत होते: ‘मेट्रो आता तुमच्या दारात.’ पुण्याच्या टोकाला असलेल्या आमच्या वसाहतीपर्यंत मेट्रो वाढवणार, म्हणून सोसायटीत पेढे वाटले होते.

“सोमवारी शेतात रेल्वेचं मशीन येणार,” नंदा म्हणाली. “त्याआधी ह्यांना हलवायचंय. तू ये गं. एकटीला भ्या वाटतंय.”

‘हे’ म्हणजे तिचे यजमान. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. लग्न होऊन नंदा तुळजापूरजवळच्या एका गावात गेली. तिथं जायचं तर सोलापूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. तासाभरात तुळजापूर येतं, रस्ता झकास, बायकांना अर्धं तिकीट. दर्शन निवांत हवं असेल तर मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. मी शनिवारी दुपारी पोचले, देवीपुढे डोकं टेकलं आणि रिक्षा केली.

वाटेत नवा रेल्वेमार्ग दिसतो. काळ्या रानातून सरळ गेलेला मातीचा भराव, मध्येच एक पूल, त्यावर रूळ नाहीत.

“सध्या भुतांचीच गाडी जाती बघा, ताई,” रिक्षावाले काका म्हणाले. मी हसले. पूल मागे पडल्यावर मात्र दोनदा वळून पाहिलं.

नंदानं ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि गव्हाची हुग्गी, म्हणजे गोड खीर, केली होती. ती वाढता वाढता तिनं पंचनाम्याची गोष्ट सांगितली. मोजणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “मालक कुठं आहेत?” नंदा सवयीनं म्हणाली, “शेतात बसलेत, आंब्याखाली.” लिंगायतांत माणसाला बसवूनच पुरतात, त्यामुळे ती नेहमी तसंच बोलते. साहेबांनी सहीसाठी कागद देऊन शिपायाला पाठवलं.

“परत आला तो पांढराफटक. म्हणाला, साहेब, दिसत तर कुणी न्हाय, पण कुणीतरी खाकरलं.”

“मग?”

“मग काय? परकं माणूस आलं की हे खाकरायचेच.” तिनं माझ्या वाटीत तूप सोडलं. “विहिरीचे पैसे मिळाले, आंब्याचे मिळाले. ह्यांना कशात धरायचं ते साहेबांनाबी कळंना. यादीत तसा रकानाच न्हाय.”

रविवारी सकाळी आम्ही शेतात गेलो. सोबत गावचे म्हातारे स्वामी आणि खणायला दोन गडी. सुट्टीमुळे भरावावरची मशीनं गप्प उभी होती. आंब्यात एकही पाखरू नव्हतं. समाधीचा दगड हलवला आणि माझ्या तळव्यांना धडधड जाणवली. लांबून गाडी यावी तशी, बारीक, एकसारखी.

मी नंदाकडे पाहिलं.

“महिना झाला येतंय ते,” ती हळूच म्हणाली. “गाडीचं ह्यांनाच आधी कळलं.”

गडी मागे सरले. फावडं कुणी उचलेना. तेव्हा नंदानं डोक्यावर पदर घेतला, वाकली आणि जेवायला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, “अवो, जरा सरकून बसा. गाडी यायलीय.”

धडधड थांबली.

पुढचं स्वामींनी हातांनीच केलं. जेवढं उरलं होतं तेवढं शुभ्र कापडात घेतलं, त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग वर ठेवलं. शेताच्या दुसऱ्या कडेला, बोरीजवळ, नवी जागा खणून ठेवली होती.

“तोंड उत्तरेलाच पायजे, अक्का,” स्वामी म्हणाले.

“बरं झालं. गाडी तिकडनंच जाणार. बघत बसतील.”

मी हात जोडले, आणि नकळत सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थनाही पुटपुटले. नंदानं ‘आमेन’ म्हटलं, शाळेतल्याच सुरात. दुपारच्या एसटीनं मी निघाले.

घरी आले तर सोसायटीत फ्लॅटच्या वाढलेल्या भावाची चर्चा. आम्ही बसल्या जागी कमावलं होतं. आमच्या मेट्रोसाठी कुणाला, कुठून उठावं लागलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

परवा शहरात मेट्रोनं जात होते. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, “काकू, जरा सरकून बसता?”

मी सरकले. ती बसली. उतरताना पाहिलं, तर आम्हा दोघींच्या मध्ये एका माणसापुरती जागा आम्ही मोकळी सोडली होती.