माल्सुन वहिनीचा चढ

माल्सुन वहिनीला पहिल्यांदा सायकलवर बसवलं तेव्हा तिनं सत्तरी ओलांडली होती आणि तिला धरायला आम्ही दोन म्हातारे होतो. एका बाजूला तिचा नवरा दुसिक, दुसऱ्या बाजूला त्याचा चुलतभाऊ, म्हणजे मी. जागा गावच्या धक्क्याची. उन्हाळ्यात तिथं शेवाळ वाळत घालतात, पाय टाकायला जागा नसते. हिवाळ्याच्या तोंडाला मात्र धक्का असा मोकळा पडतो की घोडं पळवावं. एका बाजूला काळ्या दगडांचा बांध, दुसऱ्या बाजूला समुद्र.

"भावजी, मला समुद्राच्या बाजूनं पडू द्या," वहिनी म्हणाली. "तिकडचं मला येतं."

येतंच. ती हेन्यो. नाकातोंडात नळी नाही, पाठीवर हवेची टाकी नाही, एक श्वास छातीत भरून समुद्राच्या तळाशी जायचं आणि शंख-शिंपल्या काढून वर यायचं, हे ती परकर नेसायच्या वयापासून करत आली. आमच्या जेजू बेटावर कमावत्या त्या बायकाच. दुसिकचं सांगायचं तर, त्यानं गाजराचं शेत पाहिलं, भात शिजवला आणि पोरं वाढवली. थोरला पोरगा अंगावर पीत होता तेव्हा हा त्याला पाठीला बांधून किनाऱ्यावर उभा राहायचा. वहिनी पाण्यातून वर यायची, पोराला पाजायची आणि परत आत जायची. पोरगं खारट तोंडानं हसायचं. आता तो पुसानला बोटीवर इंजिन सांभाळतो.

तर सांगत होतो सायकलीचं. झालं असं की शरद ऋतूत एकदा वहिनी पाण्यात असताना तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. हेन्यो पाण्यावर खुणेला सोडतात तो तिचा नारिंगी तरंगता गोळा नुसताच हलताना दिसला म्हणून ओक्राननं बुडी मारून तिला वर ओढलं. ओक्रान आमच्या हेन्योंची मुखिया. तिचा शब्द समुद्रापेक्षा मोठा. डॉक्टरनं रक्त तपासलं. साखर वाढलेली, रक्तदाब चढलेला, वजन तर काय विचारू नका. म्हणाला, वसंतापर्यंत पाण्यात पाऊल टाकायचं नाही. दम लागेल असा व्यायाम करा, मग बघू.

"दम?" वहिनी मला म्हणाली. "मला दम लागलेला कुणी पाहिलाय का?"

चालण्याचा व्यायाम तिला जमेना. आयुष्यभर ओली पिशवी पाठीवर घेऊन खडक चढल्यानं गुडघे झिजलेले. पाण्यात मासोळी, जमिनीवर बदक. म्हणून सायकल. बेटाला वळसा घालायला येणाऱ्या पर्यटकांना सायकली भाड्यानं देणारं एक दुकान आहे, तिथून दुसिकनं तिच्यासाठी एक जुनी उचलली. स्वतःची माळ्यावरून काढली आणि तिला तेल पाजलं.

ओक्राननं घरी येऊन स्पष्ट सांगितलं, "हे बघ माल्सुन. वाऱ्याची आजी गेल्यावर मी बायकांना घेऊन पाण्यात उतरणार. तोवर घोड्यांच्या कुरणाचा चढ न थांबता चढून दाखव. जमिनीवर जिला चक्कर येते, तिला मी पाण्यात नेणार नाही. मग ती माझी आई असली तरी."

वाऱ्याची आजी म्हणजे आमची देवी. हिवाळा सरता सरता येते, समुद्रात शेवाळाचं आणि शिंपल्यांचं बी पेरते, आणि पंधरा दिवसांनी जाते. ती असेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. म्हणजे वहिनीच्या हातात एक हिवाळा होता. तेवढ्यात जमलं नाही तर समुद्र सुटला. आणि समुद्र सुटलेली हेन्यो कशी दिसते ते आमच्या गावानं बघितलंय. दारात बसून दिवसभर पाण्याकडं बघते, कुणी हाक मारली तर ओ देत नाही.

धक्क्यावर ती पडली, उठली, पुन्हा पडली. फुलाफुलांच्या ढगळ विजारीचा पाय साखळीत अडकायचा म्हणून दुसिकनं कपड्यांचे चिमटे लावून दिले. डोक्यावर उन्हाची मोठी टोपी आणि तिच्यावर सायकलीचं टोपडं. हेन्यो धक्क्यावरच्या आपल्या कपडे बदलायच्या खोलीच्या दारात गोळा होऊन गोड कॉफी पीत बघायच्या.

"अगं माल्सुन, चाकं फिरव, मान कशाला फिरवतेस?"

"दुसिक सामचुन, बायकोला घट्ट धरा! लग्नात धरली नव्हती एवढी!"

आमच्याकडं वडीलधाऱ्याला, बाई असो की बुवा, सामचुन म्हणतात. तेवढा मान देऊन मग हव्या तेवढ्या शिव्या घालता येतात.

वहिनी तिकडं बघायचीही नाही. आठवड्याभरात तिला तोल सापडला. नंतर दोघं रोज पहाटे किनाऱ्याच्या रस्त्यानं दीपस्तंभापर्यंत जाऊन यायला लागली. ती पुढं, तो मागं. घरात पांढरा भात बंद, गोड कॉफीच्या पुड्या बंद. पुड्या दुसिकनं माझ्याकडं ठेवायला दिल्या आणि मी त्या संपवल्या, ते सोडा. विजारीची नाडी दोनदा आत ओढावी लागली. डॉक्टरनं कागद बघून भुवया वर केल्या, म्हणाला, ही त्याच बाईची तपासणी आहे ना?

सपाटीवर असं सगळं छान. पण चढाचं नाव काढलं की गाडं अडायचं.

कुरणाचा चढ लांब आहे, पण भयंकर नाही. अर्ध्यावर एका वळणाशी आमच्या आजोबांचं थडगं आहे, भोवती दगडांचा गोल बांध. वहिनी तिथवर सुसाट जायची आणि बरोबर त्या बांधापाशी सायकलसकट आडवी व्हायची. रोज. डोळे पांढरे, ओठ निळे. जरा वेळानं उठून बसायची आणि विचारायची, "पोचले?"

"आजोबा जिवंत असताना तुम्ही कधी वाकला नाहीत," मी म्हणालो, "आता रोज लोटांगण घालताय."

ती हसली. दुसिक हसला नाही. संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन बसला आणि कितीतरी वेळ गाजराची पानं खुडत राहिला.

"हृदय गेलंय तिचं," तो म्हणाला. "साखर नाही, काही नाही. हृदय. सपाटीला कळत नाही, चढाला कळतं. मी ओक्रानला सांगून टाकतो, नको घेऊस म्हणून."

"आणि वहिनीला काय सांगशील?"

"तिला सांगायला तू ये."

मी म्हणालो, एक दिवस थांब. उद्या मी वळणावर बसतो आणि बघतो. मला काही कळणार होतं अशातला भाग नाही. पण हो म्हणायला जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. आमच्याकडं वारा पडला की लोक घराबाहेर येऊन बघतात, काय झालं म्हणून. मी आजोबांच्या बांधावर बसलो. खालून दोघं निघालेली ऐकू आली. दुसिकचा श्वास दोन शेतं ओलांडून येत होता, लोहाराच्या भात्यासारखा. वहिनीच्या सायकलीची साखळी ऐकू येत होती, कट्‌ कट्‌ कट्‌. चिमटा चाकाला घासत होता, तोही ऐकू येत होता. पण वहिनीचा म्हणून काही आवाजच नव्हता.

ती वळणावर आली. गाल फुगलेले, ओठ मिटलेले, डोळे समोर रोखलेले, तोंड वांग्यासारखं जांभळं. माझ्यासमोरून गेली आणि कलली. या खेपेला मी तयार होतो, धरली.

शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "वहिनी, श्वास कधी घेतलात?"

"खाली. चढ लागायच्या आधी. चांगला भरून घेतला की."

"आणि मग?"

"मग काय?"

"मग पुन्हा कधी घेतलात?"

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी चमच्यानं चालता का म्हणून विचारलं.

"भावजी, काम चालू असताना कुणी श्वास घेतं का?"

दुसिक तोवर धापा टाकत पोचला होता. त्यानं ते ऐकलं आणि सायकल रस्त्यावरच टाकून दिली. आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम. "मी उगाच..." म्हणाला.

आणि मी? मी वळून खाली बघितलं. मोहरीच्या शेतातून तो रस्ता खालपासून वर येताना पूर्ण दिसत होता. तरुणपणी, बैलासारखी छाती होती तेव्हासुद्धा, त्या वळणापर्यंत मी वाटेत उतरून दम खायचो. चकचकीत कपडे घालून येणारी पर्यटक पोरं तिथं सायकल ढकलत नेतात. ही बाई, झिजलेल्या गुडघ्यांची, फुलाफुलांच्या विजारीतली, तेवढा चढ एका श्वासात येत होती. रोज. जन्मभर मी हेन्योंच्या गावात राहिलो, त्यांनी काढलेलं खाल्लं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण खाली पाण्यात त्या काय करतात ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

जमिनीवरची माणसं कष्ट वाढले की जास्त श्वास घेतात. तिच्या अंगाला उलटं ठाऊक. कष्ट सुरू झाले की दार लावून घ्यायचं. साठ वर्षांची सवय, ती सायकलीवर कशी सुटावी?

उपाय दुसिकला सुचला. हेन्यो पाण्यातून वर आल्या की कोंडलेला श्वास शिट्टीसारखा सोडतात, लांब, पक्ष्यासारखा. दुसिक म्हणाला, तू सायकल चालवतेस हे विसर, बुड्या मारतेस असं समज. मी मागून ओरडलो की वर यायचं.

मग आमच्या चढावर रोज असा तमाशा. तो मागून ओरडतोय, "वर ये!" आणि ती पुढून, "हो-ईऽऽ!"

"वर ये!"

"हो-ईऽऽ! अहो म्हातारबुवा, आत्ता तर खाली गेले!"

"वर ये म्हणतो ना!"

पुढचे पर्यटक शिट्टी ऐकून बाजूला व्हायचे, त्यांना वाटायचं मागून पोलीस आला.

गावभर हसू झालं. ते ओक्रानच्या कानावर गेलं, आणि ती मात्र हसली नाही. वहिनीच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"शरदात काय झालं होतं? खरं सांग."

"चक्कर आली."

"साखरेनं?"

वहिनी विजारीचे चिमटे काढायला लागली.

"खाली जोनबोक दिसला होता," ओक्रान म्हणाली. "खडकाला चिकटलेला. सुटत नव्हता. श्वास संपला होता आणि तू वर येत नव्हतीस."

जोनबोक म्हणजे आमच्या समुद्रातली सगळ्यात मानाची शिंपली. चिकटली की दगड होते.

"हो," वहिनी म्हणाली. "आणखी एक झटका दिला असता तर सुटला असता."

दुसिकच्या हातातली परात खाली पडली.

"असं प्रत्येकीलाच वाटतं," ओक्रान म्हणाली. "जी बाई मोकळ्या हवेत श्वास घ्यायला विसरते, तिला मी खाली कशी सोडू? उद्या चढ चढ. दुसिकभाऊ ओरडणार नाहीत. मी मागून येते."

दुसऱ्या दिवशी वाऱ्याची आजी जायची होती आणि जाता जाता तिनं सगळा वारा आमच्या चढावर ओतला होता. वहिनी पुढं, ओक्रान आपल्या स्कूटरवर मागं, त्यामागं माझ्या छोट्या टेम्पोत दुसिक आणि मी. कुणी ओरडत नव्हतं. पहिली शिट्टी लवकर आली. दुसरी आली. आजोबांच्या वळणाआधी जरा उशीर झाला, दुसिकनं माझं मनगट धरलं, आणि मग आली, वाऱ्यानं अर्धी खाल्लेली. वळण मागं पडलं. वरचं कुरण लागलं, घोड्यांनी माना वर केल्या, तेव्हा वहिनी एक पाय टेकवून उभी होती. धापा टाकत होती! तोंड उघडं, जीभ बाहेर, आमच्यासारखी, जमिनीवरच्या माणसांसारखी. मी असं काही पाहिलं नव्हतं.

"दम लागला," ती म्हणाली. फार नवल वाटल्यासारखी.

"उथळ पाण्यात उतरशील," ओक्रान म्हणाली. "नवशिक्यांबरोबर."

एके काळी सगळ्यात खोल जाणारी बाई ती. मला वाटलं भांडेल. ती नुसती मान हलवून हो म्हणाली.

पहिल्या दिवशी मी आणि दुसिक खडकावर बसून होतो. नारिंगी गोळे पाण्यावर पसरले होते आणि दुसिकची नजर एकाच गोळ्यावर. ती खाली गेली की तो बोलणं तोडायचा, वर आली की पुढचा शब्द. असं आमचं एक वाक्य दुपारपर्यंत चाललं.

दुपारी बायका बाहेर आल्या. आता त्यांना गरम पाण्याचे नळ असलेली पक्की खोली आहे, तरी मधोमध शेगडी पेटतेच, आणि तिच्याभोवती बसायच्या जागाही पूर्वीच्याच. खोल जाणाऱ्यांना धूर न येणारी कड, उथळवाल्यांना धुराची. दुसिक वहिनीचा कोरडा कोट घेऊन दारात गेला, त्याच्या मागं मी. वहिनी धुराच्या बाजूला पोरीसोरींत बसली होती. पिशवीतून थोडेसे शंख निघाले.

"एवढेच?" ओक्राननं विचारलं.

"खडकाच्या कपारीत एक जोनबोक होता," वहिनी केस पिळत म्हणाली. "ताटाएवढा. उथळात एवढा मी जन्मात बघितला नव्हता. हात लावला. सैल होता जरासा."

सगळ्या बायका थांबल्या. कुणाच्या हातात कॉफी, कुणाच्या हातात मोजा.

"मग?"

"मग मी वर आले."

साठ वर्षांत तिनं असं वाक्य म्हटलं नव्हतं. दुसिकनं कोट छातीशी धरला होता, तो द्यायचा विसरला.

ओक्राननं आपल्या शेजारची जागा हातानं झटकली आणि थोडी सरकली. "इकडं बस."

वहिनी उठली, जाऊन बसली. मग तळहातानं डोळे पुसले. धुरामुळं म्हणावं, तर त्या बाजूला धूर नव्हता.