फरक पडला नाही असं धरून चालू

आमच्या ह्यांना तुम्ही 'भाजी कशी झालीय' असं विचारू नका. ते विचारतील, कशापेक्षा?

भास्कर हे त्यांचं नाव. रावेरकडचा माणूस. कोवळ्या वयात कागदाच्या कारखान्यात चिकटला आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या तपासणीच्या खोलीत कागद फाडत बसला. लगद्यात काही नवीन घातलं की कागद खरंच मजबूत झाला का, हे बघायचं काम. पुढे आम्ही बऱ्हाणपुरात घर घेतलं, पण ती तपासणीची खोलीही ह्यांच्या पाठोपाठ घरात आली. ह्यांचा नियम एकच. कुठलाही बदल केला, तर आधी धरून चालायचं की काहीच फरक पडलेला नाही. मग त्याच वस्तूचं आधीचं माप आणि नंतरचं माप शेजारी शेजारी ठेवायचं, असं पुन्हा पुन्हा करायचं, आणि नुसत्या योगायोगानं येणार नाही एवढा फरक दिसला तरच मानायचं. एकाचं आधीचं आणि दुसऱ्याचं नंतरचं, अशी सोयरीक त्यांना चालत नाही.

ऐकायला बरं वाटतं. संसार करून बघा.

माझे गुडघे धरले तेव्हा धूलकोटच्या एका वैद्यांचं तेल आणलं. ह्यांनी मला ते एकाच गुडघ्याला लावू दिलं. दुसरा म्हणे तुलनेला राहू दे, दोन्ही तुझेच आहेत, जोडी छान जमते. पावसाळाभर मी एका पायानं आशेवर आणि एका पायानं कण्हत हिंडले. शेवटी निकाल काय, तर सिद्ध होत नाही. मी उरलेलं तेल दोन्ही गुडघ्यांना थापून मोकळी झाले.

आता कानाचं सांगते. कारखान्यातल्या मशीनच्या घरघराटाशेजारी उमेदीची सगळी वर्षं गेली, त्यात ह्यांचे कान हळूहळू गेले. माझा आवाज मुळात बारीक. माहेरी 'जरा मोठ्यानं बोल' म्हणून मला टोकायचे. त्या माझा ह्यांच्यापायी भोंगा झाला. 'चहा घ्या' हेसुद्धा मी अख्ख्या गल्लीला बोलावल्यासारखं ओरडते. नवरा-बायकोनं हळू बोलायची जी काही बोलणी असतात, ती आमच्या घरातून केव्हाच उठली.

आणि नेमकी तशीच गोष्ट येऊन पडली. आमची मुलगी प्रियंका इंदूरला नोकरी करते. ती सुट्टीत आली, ह्यांना दुकानात नेऊन कानाचं मशीन घेऊन दिलं, आणि जाता जाता माझ्या कानात सांगून गेली की तिनं मुलगा पसंत केलाय. बाबांना सांगायची तिची छाती होईना. तूच सांग, पण इतक्यात बाहेर कळू देऊ नको, म्हणाली. आता ह्यांना सांगायचं आणि बाहेर कळू द्यायचं नाही, हे कसं जमायचं? एक वाक्य बोलले असते तर मुलाचं नाव-गाव कोपऱ्यावरच्या कापडाच्या लूमवाल्यापर्यंत पोचलं असतं. लिहून द्यावं, तर लेकीचं लग्न काय चिठ्ठीवर ठरवायचं? मला समोर बसून सांगायचं होतं. त्यासाठी ते मशीन घरात राहायला हवं होतं.

पण दुकानदार बोलून गेला होता, पटलं नाही तर महिन्याच्या आत परत करा. झालं. हे म्हणाले, "फरक पडला नाही असं धरून चालू." आणि परीक्षा संपेपर्यंत एरवी मशीन कानात घालायचंही नाकारलं, कारण सवयीनं म्हणे निकाल बिघडतो.

दुपारी आजूबाजूचे लूम जेवणासाठी थांबले की हे पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि मी स्वयंपाकघराच्या दारात. एकदा मशीन काढून, एकदा लावून. मी भाज्यांची, गावांची, नातेवाइकांची नावं घ्यायची आणि त्यांनी ती परत म्हणायची. मी फोपनार म्हणावं, ह्यांनी काहीतरी भलतंच म्हणावं, आणि आत दूध उतू जावं. मग दोन्ही वेळी किती नावं बरोबर आली ते आकडे शेजारी लिहून वजाबाकी. फरक कधी मशीनच्या बाजूनं जरासा, कधी उलटा, बहुतेकदा काहीच नाही. हे मान हलवायचे. मला अक्षरशः रडू यायचं.

परत करायचा दिवस जवळ आला, तेव्हा आमचा हा खेळ रोज बघणारी शेजारची वंदना भिंतीवरून म्हणाली, "काकू, एक बात सांगू? मशीन नसते ना, तव्हा तुमचा आवाज आमच्या किचनमध्ये येते. काकांनी मशीन लावली की तुम्ही एकदम धीमे बोलता. मला मग काहीच समजत नाही."

मी कपाळाला हात लावला. मशीन नसलं की ओरडायचं, ही इतक्या वर्षांची खोड. मशीन दिसलं की आवाज आपोआप खाली. परीक्षा ह्यांच्या कानाची, आणि बदलत होता माझा आवाज. हे ह्यांना सांगायलाही ओरडावंच लागलं. वाटलं होतं, वरमतील. छे, हा माणूस उलट खुलला. आधीचे सगळे आकडे रद्द, म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून. मी लाटणं आपटलं.

या खेपेला दारावर पडदा ओढला. ह्यांच्या बाजूला वंदना बसली. मशीन केव्हा लावायचं, केव्हा काढायचं, हे ती नाणं उडवून ठरवायची, आणि मला त्याचा पत्ता नाही. मग मीही कुणाच्या कानाचा विचार न करता माझ्या मूळच्या आवाजात बोलत गेले. मशीनशिवाय ह्यांना जवळजवळ काहीच ऐकू येईना. मशीन लावलं की बहुतेक सगळं. रोज फरक एकाच बाजूला, आणि तोही चांगला ठसठशीत. शेवटच्या दिवशी ह्यांनी वजाबाकी केली, चष्मा काढला, हा योगायोग नाही म्हणाले आणि मशीन कानातच ठेवलं.

वंदना घरी गेली. लूम सुरू व्हायला अजून वेळ होता. मी दार लावून ह्यांच्यासमोर बसले आणि प्रियंकाचं सगळं सांगितलं. मुलगा कोण, काय करतो, पोरगी किती घाबरली आहे. हे एकदाही 'काय?' म्हणाले नाहीत. मी थांबले. मला वाटलं, आता विचारणार, चांगला आहे हे कशावरून?

"तिला म्हणावं, घरी घेऊन ये त्याला," ते म्हणाले. मग कानातलं मशीन बोटानं चाचपलं. "शांता, मला वाटायचं, तू इतकी वर्षं माझ्यावर चिडूनच बोलतेस."

एवढी मोठी गोष्ट हा माणूस नुसती धरून चालला होता, आणि तिची एकदाही परीक्षा घेतली नव्हती.

"चिडलेली असतेच मी," मी म्हणाले. हळूच म्हणाले, आणि त्यांना ऐकू गेलं.