आंब्याला बांधलेली चिंधी

अण्णाकाका गेले, तेव्हा आंब्याला चिंधी बांधून पाच दिवस झाले होते. इंदूरच्या दवाखान्यातून त्यांच्या मुलाचा, सुहासचा फोन आला आणि मी खिडकीतून त्या चिंधीकडेच बघत राहिलो... भैरवगढच्या छापाची जुनी चादर फाडून केलेली, लाल-काळी.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. उज्जैनच्या घरात शेवटी आम्ही दोघेच होतो. जी फांदी तोडायची तिला ते चिंधी बांधायचे आणि आठ दिवस थांबायचे. तेवढ्या दिवसांत फांदीची बाजू मी मांडायची. संध्याकाळच्या चहाला विचारायचे, "बोलिए वकीलसाहब, आज काय?" मी सावलीचं, चिमण्यांचं काहीबाही सांगायचो. "दुसरीला घासतेय ती," त्यांच्या एवढ्या एका वाक्यावर खटला संपायचा. इतक्या वर्षांत दोनदाच जिंकलो.

ही वकिली म्हणजे मला झालेली शिक्षाच. एकदा ते देवासला लग्नाला गेले असताना, कपड्यांवर ऊन यावं म्हणून मी एक जाड फांदी वरूनच करवतली. ती स्वतःच्या वजनाने कोसळली आणि बुंध्याची हातभर साल सोलून घेऊन गेली. काका परतेपर्यंत मी मात्र स्वतःवर खूश. त्यांनी जखमेवर तळहात ठेवला. "पहिला काप खालून द्यायचा रे, मग वरून. आणि बुंध्याशी हा फुगवटा असतो ना, तो राखायचा. जखम तिथूनच भरते." मग शेजारच्या भाभींना म्हणाले, "भतीजे ने आम की हजामत कर दी."

या वेळची फांदी त्यांच्याच खोलीच्या छतावर टेकलेली. सुहास त्यांना इंदूरला घेऊन गेला तेव्हा मी अजून तोंड उघडलं नव्हतं. तीन दिवस हातात आहेत असं वाटलं होतं...

तेराव्यानंतर सुहास म्हणाला, "दादा, एकटा आहेस. झाडच काढून टाक. पानं कोण झाडणार?"

"आठ दिवस थांब," माझ्या तोंडून निघालं. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

मग महिनाभर रोज चहाला दोन्ही बाजू मीच मांडल्या. काल शिडी लावली. पहिला काप खालून, मग वरून, फुगवटा राखून. साल फाटली नाही. दाखवायला वळलो तर ओट्यावर माझाच कप होता.

चिंधी ते दर वेळी धुऊन ठेवायचे. मीही धुतली, दोरीवर टाकली. छतावर आता ऊन येतंय... खोली मात्र बंदच आहे.