वर पाहणारी माणसं

स्लॅब ओतून झाला की लोक नारळ फोडतात, पेढे खातात आणि घरी जातात. इंजिनिअर मात्र तिथंच अडकतो, कारण ओल्या काँक्रीटला खालून तोलून धरणाऱ्या फळ्या आणि लाकडी बल्ल्या, म्हणजे सेंट्रिंग, कधी खोलायची हे त्यानं सांगायचं असतं.

मेडशीकडच्या एका गावात सभागृहाचं काम माझ्याकडं होतं. काँक्रीटच्या चाचण्या उत्तम आल्या होत्या, फळ्या ठेवायची मुदतही उलटून गेली होती. सेंट्रिंगवाला मिस्त्री रोज विचारायचा, "सायेब, खोलू का?" आणि मी रोज म्हणायचो, "उद्या पाहू." डोळे मिटले की तो स्लॅब माझ्या अंगावर यायचा. छाती धडधडायची, घास उतरत नसे.

त्यात ठेकेदाराचे फोन. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. आवाज असा, की फोन हातभर लांब धरला तरी शेजाऱ्याला ऐकू जावा. "काहून थांबला बे? माह्या बल्ल्याईले तठी पालवी फुटाची वाट पाहून राह्यला का?" त्यांचं नाव मोबाइलवर दिसलं की मी आधी फोन उलटा करून ठेवायचो.

घरीही माझे डोळे छतालाच चिकटलेले. मालेगावच्या एका लग्नात मी मंगल कार्यालयाचा बीम पाहत पाहत अक्षता टाकल्या, त्या सगळ्या पुढच्या बाईंच्या अंबाड्यात गेल्या. त्या दिवशी बायको परतीच्या वाटेवर हसली नाही.

"मले भेव वाटून राह्यलं," ती म्हणाली. "उद्या वाशीमले डॉक्टरकडं जाऊ."

कुठल्या डॉक्टरकडं ते मला कळलं. "मी काय येडा झालो का?"

"येडं व्हायच्या अगुदरच जायचं असते."

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल मी बसस्थानकाजवळ लावली आणि आम्ही दोघं दवाखान्यापर्यंत चालत गेलो. ओळखीच्या कुणी दवाखान्यासमोर पाहिली असती, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. आत बाकांवर माणसं खाली मान घालून बसली होती. मी सवयीनं वर पाहिलं. बीमजवळ ओल आली होती आणि तिथून एक बारीक भेग निघाली होती. तिच्यामागं माझी नजर सरकत समोरच्या भिंतीपर्यंत गेली. तिथं तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस मान वर करून तीच भेग पाहत होता.

डोक्याच्या डॉक्टरकडं येऊन जो दवाखान्याचा स्लॅब तपासतो, तो आमच्याच धंद्यातला. त्याची नजर खाली आली आणि मी ओळखलं. भाऊ!

"पाव्हण्याले पाहाले आलतो," ते घाईनं म्हणाले.

"मी बी," मी म्हणालो.

"मंग दोघाईचे पाव्हणे हाये कुठी?" बायकोनं विचारलं.

भाऊंनी दुपट्टा सोडला. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "झोप लागत नाही रे. बिल्डिंग पडल्याचं सपन पडते. तुले फोनवर झापलं का जरा बरं वाटते."

"अन् मले कसं वाटते?"

"ते नाही पाहिलं बाप्पा मी."

मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी हसलो, आणि मग तिथंच डोळे भरून आले. मी एकटा नव्हतो. ज्याला भीत होतो तोही भीतच होता, याचं मला फार बरं वाटलं.

गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. हळूहळू झोप येऊ लागली. एका सकाळी मिस्त्रीला मीच म्हणालो, "खोला." फळ्या धडाधड खाली आल्या. सगळं निघाल्यावर मी आणि भाऊ आत गेलो, मधोमध उभे राहिलो. स्लॅब जागच्या जागी होता. भाऊंनी लांब श्वास सोडला, मीही सोडला.

मग ते आपल्या नेहमीच्या आवाजात गरजले, "सोमवारी वाशीमले जायचं हाय, ध्यानात हाय ना? माह्या गाडीनं जाऊ."

मिस्त्री बल्ल्या मोजायचा थांबला. "कोन्या कामाले, भाऊ?"

"डोक्याच्या डॉक्टरकडं. आमी दोघंबी जातो."

सगळ्या मजुरांच्या माना आमच्याकडं वळल्या. माझे कान तापले. मिस्त्रीनं हातातली बल्ली भिंतीला टेकवली, एकदा वर स्लॅबकडं पाहिलं आणि जवळ येऊन हळूच विचारलं, "गाडीत जागा हाय का अजून एकाची?"